आईच्या आवाजासाठी बोर्ड

आईचा आवाज गेला त्या वर्षी मी बंगळूरमधले सर्किट बोर्ड बनवणारे इतके कारखाने पालथे घातले, की त्या धंद्यातल्या माणसानेही घातले नसतील. मी त्या धंद्यातला नव्हतो. एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो, दिवसभर यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायचो. संध्याकाळी घरी आलो की हौस म्हणून सोल्डरिंग आयर्न तापवून बसायचो. पाण्याची टाकी भरली की ओरडणारी घंटा, दार उघडलं की पेटणारा दिवा, शेजाऱ्यांचे मुके झालेले रेडिओ, असलं काहीबाही. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. शहरात कंप्युटरवाल्यांची ऑफिसं उघडत होती, पुण्या-मुंबईची मंडळी येऊन धडकत होती, पण चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीला त्याचा पत्ता नव्हता.

आई गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती. भाजीवालीशी कन्नडमध्ये, आमच्याशी मराठीत, देवाशी दोन्हींची खिचडी करून, आणि कुणीच नसलं तर कुकरशी, पण तिचं बोलणं चालूच. मी लहानपणी तिच्यावर वैतागायचो. लग्न झाल्यावर माझी बायको पुण्याहून आली, तिलाही सुरुवातीला हा मारा सोसवेना. मग हळूहळू दोघींची गट्टी जमली. मी कामावर गेलो की दुपारभर दोघी बोलत असायच्या. काय बोलायच्या ते मला कधीच कळलं नाही, मी आलो की विषय बदलायचा.

मग तिचा घसा धरला, तो सुटेचना. तपासण्या झाल्या आणि संक्रांतीनंतर डॉक्टरांनी तिचं स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला पुढून एक भोक ठेवलं, श्वास त्यातून. आजार गेला, आई वाचली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आवाज नसला तरी ओठ हलवून बोलू द्या. रोज. ती सवय मोडू देऊ नका." मी मान डोलावली. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या टेबलावरच्या वस्तूकडे होतं.

ती वस्तू म्हणजे टॉर्चएवढी एक नळी होती. गळ्याला लावून बटण दाबलं की ती गुणगुणते, तो थरथराट गळ्यातून तोंडात जातो, आणि ओठ-जीभ हलवली की त्याचेच शब्द होतात. हॉस्पिटलात ती एकच होती, दाखवण्यापुरती. परदेशातून मागवायची म्हणजे आमच्या आवाक्याबाहेरचं काम. मी ती हातात घेऊन कानाशी नेली आणि मला हसूच आलं. आत काय असणार? सेकंदाला शंभरेक ठोके देणारं एक साधं सर्किट आणि एक कॉइल. असलं मी दहावीत असताना जोडलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं, की आईसाठी मला काहीतरी करता येईल.

घरी परिस्थिती अशी होती, की आईला लिहिता यायचं ते फक्त कन्नडमध्ये. आमच्या घराण्यात मराठी ही बोलायची भाषा, कित्येक पिढ्या झाल्या, शाळा कन्नड. पाटीवर ती मराठी वाक्यच लिहायची, पण अक्षरं कन्नड. ती मला वाचता यायची आणि बायकोला नाही. म्हणजे दिवसभर घरात असणाऱ्या दोघी, दोघींची भाषा एक, आणि मधे ही पाटी. बायको रडकुंडीला यायची. "अहो, आईंना काहीतरी सांगायचंय, मला कळत नाहीये," असं तिने मला ऑफिसच्या फोनवर दोनदा सांगितलं. मग तिने पाटी बाजूला ठेवली आणि आईच्या ओठांकडे बघायला शिकली. जेवायचं, पाणी, वरण उतू जातंय, एवढं तिला ओठांवरून कळू लागलं. मला मात्र काडीचं कळायचं नाही. मी आईच्या तोंडाकडे बघत राहायचो आणि ती चिडून पाटी मागायची.

एप्रिलमध्ये गळ्याची कातडी जरा निवली तेव्हा मी पहिलं यंत्र केलं. एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आठ पायांचा आयसी, चार-दोन रेझिस्टर, जुन्या टेलिफोनच्या रिसिव्हरमधली कॉइल, आणि बाजारात तयार मिळतो तो भोकाभोकांचा तपकिरी बोर्ड. बोर्ड करवतीने चिंचोळा कापला, मागून तारांनी सगळं जोडलं आणि टॉर्चच्या नळीत कोंबलं. दिसायला अगदी गावठी. आईने ते हनुवटीखाली मऊ जागा शोधून लावलं, बटण दाबलं, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओठ हलवले.

"अगं," असं ऐकू आलं. सपाट, भुंग्यासारखा, पण शब्द होता. बायको आतून पिठाच्या हातांनी धावत आली. आईने पुन्हा म्हटलं, "अगं." बायको तिच्या समोर फतकल मारून बसली आणि रडायला लागली. आई हसत होती. तिचं हसणं आता फक्त खांद्यांतून दिसायचं.

दहाएक मिनिटं गेली आणि यंत्र बंद पडलं. मी उघडून पाहिलं, तर कॉइलच्या थरथराटाने एक टाका सुटला होता. तो जोडला, तर दुसऱ्या दिवशी दुसरा सुटला. तिसऱ्या दिवशी तपकिरी बोर्डावरची तांब्याची चकतीच उखडून आली. आई ते माझ्यापुढे धरायची, मी ते दुरुस्त करायचो, ती चार वाक्यं बोलायची, परत बंद. चौथ्या की पाचव्या दिवशी मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. म्हटलं, "आई, हे काही खरं नाही. मी तुला नीट बनवून आणतो. तोवर उगाच त्रास घेऊ नकोस." तिने हात पुढे केला होता, परत मागण्यासाठी. मी तो बघितला आणि यंत्र कपाटात ठेवून दिलं.

आत वितळलेलं मेण ओतलं असतं तरी टाके धरून राहिले असते, दोन-तीन महिने तर नक्की निघाले असते. हे मला सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं. ते मला हलकं वाटलं. मी ड्राफ्ट्समन माणूस, माझ्या आईच्या गळ्याला मेणाची वस्तू लावायची?

मला हवा होता खरा पीसीबी. काचेच्या धाग्यांचा हिरवट पत्रा, त्यावर एकसंध तांब्याचे ट्रॅक, वर हिरवा लेप, सगळं नेमकं. पट्टी घेऊन मी टॉर्चची नळी मोजली आणि बोर्डाची रुंदी ठरवली: बावीस मिलिमीटर. हे घरी होण्यातलं नव्हतं. घरी मी नेलपॉलिशने ट्रॅक रंगवायचो आणि उरलेलं तांबं विरघळवायला बोर्ड बादलीतल्या रसायनात बुडवायचो, त्या रसायनाने मोरीची फरशी कायमची पिवळी करून ठेवली होती. एवढ्या अरुंद जागेत नेलपॉलिशचा ब्रश चालत नव्हता. म्हणजे बनवणारा शोधायला हवा होता.

सगळ्यात जवळचा बनवणारा आमच्याच पेटेत होता, तीन गल्ल्या सोडून. लग्नपत्रिका छापायचा, आमच्यासारखाच जुन्या मराठी घरातला, सगळे त्याला अण्णा म्हणायचे. पत्रिका छापायची ती रेशमी जाळी, त्याच जाळीतून तो तांब्यावर शाई ओढून हौशी लोकांचे बोर्ड करून द्यायचा. मी गेलो तेव्हा परसात दोरीला चिमटे लावून बोर्ड वाळत घातले होते आणि त्यांच्याच शेजारी हळदी रंगाच्या पत्रिका. एक बोर्ड मी हातात घेतला. ट्रॅकच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या.

"कशाला लागतंय?" अण्णाने विचारलं. मी सांगितलं. तो शाईचे हात पुसत उभा राहिला, आईला तो लहानपणापासून ओळखायचा. "आण की इकडं. काचेचा पत्रा मिळाला तर बघ, नाहीतर हाच घालतो. आइतवारी करून देतो. स्वल्प ओबडधोबड दिसेल, पण चालतंय."

मी "सरी, बरं, बघतो" म्हटलं आणि निघालो. चालतंय, हा शब्द मला झोंबला. टाकीच्या घंटेला चालतंय. आईच्या आवाजाला चालतंय?

मग सुरू झाल्या शहराच्या टोकाला असलेल्या पीण्या नावाच्या वसाहतीच्या वाऱ्या. दर शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकायची, मॅजेस्टिकला बस बदलायची आणि औद्योगिक वसाहतीत उतरून धुळीत फिरायचं. एकीकडे लेथची खरखर, दुसरीकडे पत्र्याचे ठोके, आणि मधे कुठेतरी आंबट वासाची गल्ली लागली की समजायचं, इथे बोर्ड होतात. पहिल्या कारखान्याच्या वॉचमनने मला आत सोडलं नाही. दुसऱ्याने आत बसवलं, चहा दिला आणि विचारलं, महिन्याला किती हजार लागतील? मी एक म्हणालो. तो "एक हजार?" म्हणाला. मी "एक," म्हणालो. त्याने माझा चहा संपायची वाट पाहिली, एवढा सभ्यपणा दाखवला.

मी एक वही केली. प्रत्येक कारखान्याला एक पान. पत्र्याची जाडी, भोकांची अचूकता, लेप कसा, नमुन्याच्या बोर्डावर ट्रॅकची कड भिंगाखाली कशी दिसते. ड्राफ्ट्समनच्या अक्षरात रकाने आखून दहापैकी गुण द्यायचे. उपवर मुलीचा बाप जसा स्थळांची माहिती काढतो, तसा मी पीण्याभर हिंडत होतो. बायकोने एकदा वही चाळली आणि म्हणाली, "किती दिवसांत देणार, हा रकाना कुठे आहे?" मी तिला म्हटलं, तुला यातलं कळत नाही. आज ते वाक्य आठवलं की कानशिलं गरम होतात.

आई वाट बघत होती. शनिवारी मी परत आलो की ती दाराशी यायची, माझ्या हाताकडे बघायची. हात रिकामे. "पुढच्या आठवड्यात," मी म्हणायचो. ती काहीतरी ओठांनी बोलू पाहायची. मी हात वर करून थांबवायचो. "दमू नकोस. मशीन आलं की सगळं बोल." किती प्रेमाने म्हणायचो मी हे. जून गेला, जुलै गेला.

अखेर एका कारखान्याने मला जिंकलं. थंडगार खोली, काचेचं दार, आणि सुपरवायझरने माझ्यापुढे ठेवलेला एक नमुना. असा हिरवा, असा गुळगुळीत, की मी तो गालाला लावून पाहिला असता, सुपरवायझर समोर नसता तर. दहापैकी दहा. तो म्हणाला, "कंपनी कोणती, सार? आम्ही फक्त कंपन्यांचंच काम घेतो. कमीत कमी पन्नास पीस."

कंपनी! मी दोन आठवडे विचार केला आणि खोटं बोलायचं ठरवलं. आता ऐका गंमत: कंपनीच्या नावाचे कागद मी कुठे छापून घेतले? अण्णाकडेच. त्याने न विचारता छापून दिले, वर विजेचा एक छोटा झटका काढला, शोभेसाठी. कागद देताना एवढंच म्हणाला, "आईचं ते झालं का?" मी म्हणालो, होतंय.

ऑगस्ट मी ड्रॉइंग करण्यात घालवला. तेव्हा हौशी माणूस पारदर्शक फिल्मवर काळ्या चिकटपट्ट्या आणि गोल चकत्या चिकटवून बोर्डाचं चित्र करायचा, आणि ते नेहमी दुपटीने मोठं करायचा. कारखान्यात मोठ्या कॅमेऱ्याने ते अर्ध्यावर आणतात, म्हणजे हाताच्या चुकाही अर्ध्या होतात. म्हणून चित्राच्या खाली दोन फुल्या काढायच्या आणि लिहायचं, या दोन फुल्यांमधलं अंतर इतकं करावं. साधी रीत आहे, सगळ्यांना ठाऊक असलेली. माझं चित्र इतकं देखणं झालं होतं, की मी ते उजेडाला धरून बायकोला दाखवलं, आईला दाखवलं. आईने त्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

फक्त खालची पट्टी खराब झाली होती. फुल्यांपाशी मी बॉलपेनने आकडा लिहिला, खोडला, परत लिहिला, आणि वर अंगठ्याचा तेलकट डाग. पीण्यातल्या त्या थंडगार खोलीत हे ठेवायचं? त्यांना लगेच कळलं असतं, की कंपनीबिंपनी काही नाही, घरी टेबलावर बसून कुणीतरी केलंय. मी ब्लेड घेतलं आणि ती पट्टी कापून टाकली. म्हटलं, माप पत्रातच टाइप करू. पत्रात मी कंपनीचं नाव टाइप केलं, पदनाम टाइप केलं, पुढे मोठी ऑर्डर येणार असल्याची थाप टाइप केली. सगळ्या थापा आठवणीने घातल्या आणि माप राहिलं.

सप्टेंबरात मी चित्र देऊन आलो. सुपरवायझर म्हणाला, तीन आठवडे. तीन आठवड्यांनी गेलो तर म्हणाला, वीज नव्हती, मोठ्या पार्टीचं काम अडकलंय, सार, स्वल्प थांबा. पुढच्या शनिवारी गेलो, तर गेटला झेंडूच्या माळा, यंत्रांना केळीचे खांब, आणि दारात कोहळा फोडून त्यावर कुंकू. आयुधपूजा. कारखाना चार दिवस बंद. मी गेटशी उभा राहून वॉचमनशी भांडलो. माझ्या आवाजाने आतली दोन माणसं बाहेर आली. त्यांनी मला प्रसादाचे चुरमुरे दिले. ते हातात घेऊन मी बसस्टॉपवर बसलो आणि मला हुंदका फुटला. शेजारचा म्हातारा सरकून बसला.

आमच्या घरी त्याच दिवसाला खंडेनवमी म्हणतात. त्या दिवशी घरातली हत्यारं पुजायची. मी पोचलो तेव्हा आईने पाटावर विळी, कात्री, माझी मोजपट्टी, कंपास मांडला होता आणि माझ्या सोल्डरिंग आयर्नला हळदकुंकू वाहिलं होतं. ती डोळे मिटून हात जोडून बसली होती. मी बूट काढत होतो. बायको माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आईंचे ओठ बघितलेत?"

मी बघितले. मिटलेले होते. जन्मभर आई देवापुढे बसली की तिचे ओठ चालायचे, पुटपुटणं चालायचं. आवाज गेल्यानंतरही वैशाखात ती देवापुढे नुसते ओठ हलवताना मी पाहिली होती. आता तिथे काहीच नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"महिना झाला असेल. माझ्याशीसुद्धा नाही बोलत. पाटीही मागत नाहीत. हात करतात. नाहीतर नुसत्या बघतात." मग ती म्हणाली, "तुम्ही सारखं सांगत होतात ना, दमू नकोस म्हणून."

डॉक्टर काय म्हणाले होते ते मला तेव्हा, बूट हातात धरून, अक्षरशः शब्दन्शब्द आठवलं.  मी तसाच आईपुढे जाऊन बसलो आणि म्हटलं, "आई, माझ्याशी बोल. ओठांनी बोल. काहीही." तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि प्रसादाची वाटी पुढे केली.

बोर्ड मिळाले त्यानंतर आठ दिवसांनी. मी रजा टाकून सकाळीच गेलो होतो. तपकिरी कागदात बांधलेला गठ्ठा हातात घेतला तेव्हाच तो मला जड वाटला, पण मनाची समजूत घातली, की पन्नास आहेत, जड असणारच. काउंटरवर कागद फाडला. हिरवेगार, गुळगुळीत, एकेक ट्रॅक रेखीव, आणि एकेक बोर्ड दुप्पट. दुप्पट लांब, दुप्पट रुंद. खिशात आयसी नेला होता, तो भोकांवर ठेवला. त्याचे पाय भोकांच्या अधेमधे लोंबत राहिले.

मी आधी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. सुपरवायझर शांतपणे माझं चित्र घेऊन आला आणि त्याने ते बोर्डावर ठेवलं. तंतोतंत जुळलं. "सार, हल्ली सगळे कंप्युटरवरून खऱ्या मापाचंच चित्र आणतात. लहान करायचं असेल तर माप लिहायला हवं. कुठे लिहिलंय?" त्याने चित्राची खालची कड माझ्यापुढे धरली. ब्लेडने किती सरळ कापली होती मी ती. ड्राफ्ट्समनच्या हाताने.

"परत करून द्या," मी म्हणालो. "अर्जंट आहे."

"करू की. दिवाळीनंतर."

मग मी त्याला खरं सांगितलं. कंपनी नाही, आई आहे. तिचा आवाज. ती आता ओठ हलवत नाही. माझी भाषा कुठल्या कुठे गेली, कन्नड, मराठी, इंग्रजी सगळं एकात एक. तो मध्यमवयीन माणूस होता, ऐकून त्याने खुर्ची ओढून मला बसवलं. "हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर मी तुम्हाला एवढ्या लांब येऊच दिलं नसतं," तो म्हणाला. "एकच बोर्ड हवा तर जाळीवर छापणारा कुणीही रविवारी करून देतो. तुमच्या भागात कुणी नाही का?"

 त्याने आत जाऊन कापून उरलेल्या काचेच्या पत्र्याच्या चार पट्ट्या आणल्या आणि माझ्या पिशवीत टाकल्या. पन्नास बोर्डांचा गठ्ठा मी तिथेच काउंटरवर सोडला, चित्र तेवढं उचललं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, सकाळीच मी अण्णाकडे गेलो. माझं चित्र त्याने पत्रिकांच्या कॅमेऱ्याने स्वतः अर्ध्यावर आणलं, हाताची जाळी ओढली, पट्टी रसायनात बुडवून काडीने हलवत बसला. भोकं मी पाडली. कडा करवतीच्या दात्यांसारख्या होत्या. बोर्ड नळीत सर्रकन गेला. मी तिथेच त्याच्या ओट्यावर बसून सगळं जोडलं, बटण दाबलं आणि दाबून धरलं. गुणगुण एकसारखी, कुठे खंड नाही. अण्णाने नळी दगडावर दोनदा आपटून पाहिली. "चालतंय," तो म्हणाला. एका रविवारच्या सकाळचं काम होतं.

मी घरी धावत गेलो. आई खिडकीशी बसली होती. बायकोने तिच्यापुढे पाट ठेवून मला बसायला लावलं आणि स्वतः आईचा हात धरून बसली. मी नळी आईच्या हातात दिली. तिने ती सवयीने हनुवटीखाली बरोबर त्याच मऊ जागी नेली आणि बटण दाबलं. गुणगुण सुरू झाली. ओठ मिटलेले.

"बोल ना, आई," मी म्हटलं. "तोंड उघड. हिला हाक मार."

तिने तोंड उघडलं, डॉक्टरपुढे उघडावं तसं. एक लांबलचक सपाट आ निघाला. मग तोंड परत मिटलं. बायकोने तिच्या गालावर हात ठेवून ओठ हलवून दाखवले, पुन्हा पुन्हा. आई तिच्याकडे मायेने बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काही शोधल्याची खूणसुद्धा नव्हती. मी सांगत राहिलो, विनवत राहिलो, शेवटी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडलो. म्हटलं, मी चुकलो, मी तुला गप्प केलं, आई, एक शब्द बोल. पुढे दोन वर्षं आम्ही तिला तज्ज्ञांकडे नेलं, आरशासमोर बसवलं. पुढची सहा वर्षं ती आमच्यात होती. ती बोलली नाही.

पण त्या सकाळी मला हे माहीत नव्हतं. मी डोकं वर केलं तेव्हा गुणगुण चालूच होती. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. इतके महिने मी हा आवाज आणण्यासाठी वणवण फिरतोय, हे तिने पाहिलं होतं, आणि मला हाच हवा असणार असं तिला वाटलं असावं. ओठ मिटून, नळी गळ्याशी घट्ट धरून ती तो मला ऐकवत होती. तिचा अंगठा पांढरा पडला होता. मी पुरे म्हणेपर्यंत तिने बटण सोडलं नाही.